नलूमावशीचं वाण

६ जानेवारी, सोमवार

लागली एकदाची पाटी! डॉ. संज्योत आरवाडे, बालरोगतज्ज्ञ. किंचित तिरकी लागली आहे, पण नवऱ्याने, अभयने, रस्त्यापलीकडे उभं राहून फोटो काढला आणि मिरजेला माझ्या आईला पाठवूनही दिला. आईचा लगेच फोन. एवढ्या मोठ्या मुंबईत तुला कोण ओळखणार, म्हणून तिला काळजी. म्हटलं, आई, मुलं आजारी पडायची थांबतात का कुठे? ओळखतील हळूहळू.

खोली छान आहे. लालबागच्या चाळीचा तळमजला, कोपऱ्यावरची, दोन बाजूंनी उजेड. आधी इथे एक म्हातारे डॉक्टर बसायचे, ते मुलाकडे पुण्याला गेले. मागे ठेवून गेले ते तपासणीचं टेबल, वजनकाटा आणि कमलाबाई. कमलाबाई दवाखाना उघडतात, झाडतात, नंबर देतात आणि तोच नंबर मोडून ओळखीच्यांना आत सोडतात. मूळच्या मालवणकडच्या. पहिल्याच तासात सगळं विचारून घेतलं: लग्न कधी झालं, मूल का नाही, मासे खाता का. मासे खात नाही म्हटल्यावर बिचारीचा चेहराच पडला.

दुपारी दवाखाना बंद असतो. घर लोअर परळला, पण तेवढ्यासाठी कोण जातंय-येतंय! डबा खाल्ला आणि तपासणीच्या टेबलावरच ताणून दिली. मिरज सोडल्यापासून इतकी गाढ झोप लागली नव्हती. ही रोजनिशीही इथेच खणात ठेवणार आहे, वेळ मिळेल तसं लिहीन.

९ जानेवारी, गुरुवार

घसा, घसा, घसा. सकाळपासून दुसरं काही नाही. गल्लीच्या तोंडाशी मिरच्या कांडतात, त्यामुळे इथे येणारा-जाणारा प्रत्येक जण खोकत असतो. मला मात्र धास्ती आहे ती न खोकणाऱ्या मुलांची. नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर तो बहुतेक साधा व्हायरस. कोमट पाणी, आराम, तापाचं औषध, बास. अशा मुलाला अँटिबायोटिक देणार नाही म्हटलं की आया माझ्याकडे अशा बघतात, जणू मी बाटली पदराखाली लपवून बसले आहे. आणि ज्याला खरंच द्यायला हवं ते मूल कसं असतं? एकाएकी फणफणून ताप, थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी, खोकल्याचं नाव नाही. जबड्याखाली गाठी, टॉन्सिल लालभडक, त्यावर पांढरे ठिपके. कधीकधी अंगावर खरखरीत पुरळ. तो स्ट्रेप्टोकोकस. घशातला नमुना लॅबला पाठवायचा, नक्की झालं की औषध दहा दिवस.

दहा दिवस म्हटलं की इथे घोडं पेंड खातं. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, पोर गॅलरीत क्रिकेट खेळायला लागतं आणि उरलेली बाटली जाते शेजारणीच्या पोराला. आज मी ओरडून ओरडून सांगितलं, अहो, ताप उतरला म्हणजे जंतू गेले असं नाही. अर्धवट सोडलंत तर पुढे शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं, हृदयाच्या झडपांवर उलटतं. झडप एकदा बिघडली की आयुष्यभराचं दुखणं.

सगळ्यांचं उत्तर एकच. नलूमावशी असती तर एका दाबात घसा मोकळा केला असता. ही नलूमावशी दुसऱ्या माळ्यावर राहायची, गेल्या गणपतीत वारली. अंगठ्याला मीठ-हळद लावून तो थेट मुलाच्या घशात घालायची आणि आतून दाबायची. सकाळी ह्याच्या घशात, दुपारी त्याच्या, अंगठा तोच! कमलाबाई म्हणाल्या, तिच्या हाताक गुण होतो. मी म्हटलं, गुण कसला, जंतू होते. त्यानंतर दिवसभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. नका बोलू.

११ जानेवारी, शनिवार

आज दिशा आली. ह्याच चाळीतली, दुसरीत आहे, पुढचे दोन दात पडलेले. मी नुसतं आ कर म्हटलं तर चमचा न लावता पडजीभ दिसेल एवढं तोंड उघडलं. एवढं शहाणं पेशंट मी पाहिलं नव्हतं. टॉन्सिल मात्र लालभडक, वर पांढरे ठिपके. सगळं जसंच्या तसं पुस्तकातलं.

तिची आई आकांक्षा, हिंदमाताला साडीच्या दुकानात आहे. घरात आधी कोणाला असं झालं होतं का, विचारलं. तिने दिशाला जवळ ओढलं. मग म्हणाली, दिशाला मोठा भाऊ होता, मितेश. तीन वर्षांपूर्वी गेला. हृदय जन्मतःच नाजूक होतं म्हणाले. मी खोदून विचारलं. जन्मतः काही नव्हतं. नऊ वर्षांचा होईपर्यंत पोरगा जिने चढून पतंग उडवायचा. वर्षातून तीन-चारदा घसा धरायचा, नलूमावशी दाबायची, ताप उतरायचा. मग एकदा गुडघा सुजला, तो बरा होतोय तो घोटा. सगळे म्हणाले वाढीचं दुखणं. पुढे धाप लागायला लागली.

काय सांगणार त्या माउलीला? तुझं पोर घशाने गेलं, असं? एवढंच सांगितलं की दिशाच्या बाबतीत एकही डोस चुकता कामा नये, रक्त तेच आहे. तिने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, बाई, हिला मी जाऊ देणार नाही. बाकी काय वाट्टेल ते होऊ दे, पण ही पोरगी मी सुखरूप काढणार.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. दवाखानाभर तिळगूळ. गोड बोला म्हणे! कसलं गोड बोलणार? घशाच्या पेशंटांना सकाळी फोन केले. बहुतेकांनी औषध बंद केलेलं. एकीने उरलेलं औषध माहीमला नणंदेच्या मुलाला पाठवलं, त्याला नुसती सर्दी होती. एक बाप मलाच शिकवतो, मॅडम, जास्त अँटिबायोटिक चांगलं नसतं, मी नेटवर वाचलंय. अहो, ते ज्याला नको त्याला देऊ नका म्हणून लिहिलंय! डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

दिशाचं मात्र झकास चाललंय. गाठी बसल्या, ठिपके गेले. आई विसरली तर ही स्वतः चमचा घेऊन उभी राहते. कमलाबाई मधूनच म्हणाल्या, हात नलूमावशीचो आणि औषध तुमचा, असा होता तर काय बरा झाला असता. मी पुढचा नंबर बोलावला.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज चाळीतल्या बायकांनी मला हळदीकुंकवाला बोलावलं. दुपारी, दुसऱ्या माळ्यावरच्या गॅलरीत. खरं सांगायचं तर विरघळले मी. मिरज सोडल्यावर इतक्या बायकांनी एकदम माझं कौतुक केलं नव्हतं. कोणी गजरा माळला, कोणी हातात उसाचं कांडं दिलं. आकांक्षा तर सगळ्यांना सांगत सुटली होती की ह्या बाईंनी माझी दिशा वाचवली.

वाण म्हणून सगळ्यांना प्लॅस्टिकच्या बरण्या. मला एकटीला पितळेची छोटी वाटी, जुनी, काठ एका जागी झिजलेला. सगळ्यांनी मिळून दिली. वाटी देण्याआधी त्यातल्या सगळ्यांत वडील बाईंनी माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि मग माझ्या उजव्या अंगठ्यालाही हळद माखली. म्हटलं, ही इथली पद्धत असेल. नंतर कळलं, वाटी नलूमावशीची, मीठ-हळद कालवायची. तिच्यामागे ती घेणारं कोणी नव्हतं. मावशीचा हात वाया जाऊ नये, तो तुमच्या हातात यावा, म्हणून आम्ही ठरवलं, असं त्या म्हणाल्या. सगळ्यांचे डोळे भरून आलेले.

वाण नको म्हणता येत नाही, परत करता येत नाही. घेतलं आणि हसले. आता वाटीत रबरबँड भरून ती खणात ठेवली आहे.

२० जानेवारी, सोमवार

संताप संताप झाला आहे. आज दोन मुलं आली, दोघांच्याही घशात आत डाव्या बाजूला दाबल्याची खूण. नखाची कोर स्पष्ट उमटलेली, बाजूला रक्त साकळलेलं. म्हणजे कोणीतरी पुन्हा हे धंदे सुरू केले! आयांना विचारलं, कोणी दाबलं? दोघी एकमेकींकडे बघून पदरात तोंड घालून हसल्या. एक म्हणाली, बाई, काय मस्करी करता!

मी मस्करी करते? मी? दोन्ही मुलांचा ताप पुन्हा चढलेला. एकाच अंगठ्याने एकाचे जंतू दुसऱ्याच्या घशात, दुसरं काय होणार? मला कमलाबाईंचा संशय आला, तोंडावर विचारलं. त्यांनी देवाची शपथ घेतली आणि माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिल्या.

अंगठ्यावरची हळद अजून जात नाही. स्पिरिटने घासली, साबणाने घासली. दुपारी झोपून उठले तर तोंड कोरडं आणि चपला पायात. चपला काढून झोपले होते.

२१ जानेवारी, मंगळवार

श्रेया नावाची चार वर्षांची मुलगी. तशीच खूण. औषध तिसऱ्या दिवशी बंद. का बंद केलंत, तर तिची आई शांतपणे म्हणते, तुम्हीच सांगितलंत की. सगळी रांग ऐकत होती. माझा तोल गेला. खोटं बोलता म्हणाले, लाज वाटत नाही म्हणाले. ती बाई रडायला लागली, आणि आश्चर्य म्हणजे रांगेतल्या एकीनेही माझी बाजू घेतली नाही. सगळ्या खाली मान घालून बसलेल्या.

ह्या चाळीने मला वेडं ठरवायचं ठरवलंय की काय? अभय म्हणतो, दमली आहेस, दुपारची झोप नीट घे.

२२ जानेवारी, बुधवार

काहीही झालं तरी आजचं लिहून ठेवणार.

सकाळी आकांक्षा आली. हातात शिऱ्याचा डबा आणि दिशाच्या औषधाची बाटली. बाटलीत औषध उरलेलं. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, बाई, तुम्ही शनिवारी दुपारी घरी आलात, दिशाचा घसा दाबलात आणि आता औषध नको म्हणालात, म्हणून परत आणलं. तेव्हापासून कशी ठणठणीत आहे!

मी ओरडले. अक्षरशः ओरडले. शनिवारी दुपारी मी इथे झोपले होते, ह्या टेबलावर! आकांक्षा घाबरली, कमलाबाईंकडे बघायला लागली. आणि कमलाबाई हळूच म्हणाल्या, बाई, तुम्ही रोज दुपारी वर जाता. हातात वाटी घेऊन. मी हाक मारलंय तर वळून बघूक पण नाय. माका वाटला, तुमका ह्या कोणाक कळूक नको आसा.

खण उघडला. रबरबँड खणात सांडलेले. वाटीच्या तळाला मीठ आणि ओली हळद.

म्हणजे मी. मीच जाते आहे. मुलांच्या घशात अंगठा मी घालते, औषध बंद करा मी सांगते. त्या बायका खोटं बोलत नव्हत्या. त्यांना वाटतंय त्यांनी माझं भलं केलं.

आकांक्षाला बाटली परत दिली, नवीनही लिहून दिली. पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू कर म्हटलं. दुपारी दाराला आतून कडी लाव. मी आले तरी उघडू नको. मी आले तर मुळीच उघडू नको. ती मान हलवत होती, पण तिला पटलं नव्हतं, दिसत होतं.

२३ जानेवारी, गुरुवार

वाटी परत द्यायला गेले. कोणी हात लावेना. वाण कधी परत घेतात का, बाई? वडील बाईंनी उलट माझ्याच तोंडावरून हात फिरवला. म्हणाल्या, सुरुवातीला सगळ्यांना जड जातं, नलूलाही गेलं होतं.

म्हणजे नलूमावशीलाही —

दुपारी दवाखान्यात थांबलेच नाही. लोअर परळला घरी गेले, दार लावलं, सोफ्यावर बसले, टीव्ही मोठ्याने लावला. जाग आली तेव्हा चाळीच्या जिन्यात उभी होते, दिशाच्या दारासमोर. दार उघडं. आकांक्षा कामावर, शेजारणीने उघडून दिलं होतं. डॉक्टरबाईंना कोण अडवणार?

दिशा पलंगावर बसून आवंढा गिळत होती. म्हणाली, आज खूप दुखलं, पण मी रडले नाही.

संध्याकाळी ताप आला.

२४ जानेवारी, शुक्रवार

ताप उतरत नाही. टॉन्सिल परत पांढरे. गाठी हाताला लागतात. मी दिले तिला हे जंतू, माझ्या अंगठ्याने, कोणकोणत्या पोरांच्या घशातले.

आकांक्षाला म्हटलं, परळच्या मोठ्या हॉस्पिटलात ने, आत्ताच्या आत्ता, माझ्याकडे आणू नको. ती हटून बसली. मितेशला तिथेच नेलं होतं, तिथून तो परत आला नाही. त्या दारात मी पाय ठेवणार नाही म्हणाली. तुमच्यावर भरवसा आहे, बाई. तुमच्याच हातून होऊ दे. माझ्या हातून! किती सांगितलं, किती भांडले, पाया पडायची बाकी राहिले. ऐकतच नाही.

एकच उपाय आहे. पेनिसिलिनचं मोठं इंजेक्शन. एकदा दिलं की दहा दिवसांच्या औषधाचं काम करतं, आणि कोणाला मधेच बंद करता येत नाही. मलासुद्धा नाही. फार दुखतं, पण दुखू दे. चार केमिस्ट फिरले, शेवटी परळला मिळालं.

हे झोपेत होतं. जागी असले की मी मीच असते. तेवढं सांभाळायचं.

२५ जानेवारी, शनिवार

आकांक्षाला दुकानातून दुपारीच सुटता येतं. दुपार नको म्हणत होते मी. नाइलाज.

सकाळपासून कॉफी. उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळली आहे, जाड. वाटी कमलाबाईंकडे दिली, कपाटात कुलूप लावा म्हटलं. माझे डोळे मिटले तर गदागदा हलवा म्हटलं. हो म्हणाल्या.

दिशा आली. ताप आहे, डोळे तांबारलेले, तरी हसली. आधी थेंबभर औषध कातडीत टोचून बघावं लागतं, रिॲक्शन येते का. टोचलं. आता अर्धा तास थांबायचं. तोवर लिहीत बसते, म्हणजे झोप येणार नाही. इंजेक्शन भरून ट्रेमध्ये तयार आहे. आकांक्षा बाहेर बाकावर. दिशा समोर स्टुलावर, पाय हलवते आहे.

हातावर लाली नाही. चांगलं आहे. होणार आहे हे. आज ही पोरगी सुटणार.

कमलाबाई कुठे गेल्या? दारात होत्या.

झोप नाही येत. झोप नाही. जागी आहे मी. घड्याळाची टिकटिक ऐकू येते. मिरच्यांचा वास येतो.

चिकटपट्टी टेबलावर पडली आहे. मी नाही काढली —

वाटी इथे आहे. कपाटात होती. कमलाबाईंनीच आणून ठेवली असणार, हात जोडून, चांगल्या मनाने — अहो नको होतं हो —

जागी आहे तरी. डोळे उघडे आहेत. डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा हात वाटीत आहे. माझं ऐकत नाही.

दिशा, पळ. असं म्हणते आहे मी. माझ्या तोंडातून आ कर येतंय. दिशा तोंड मिट. आ कर बाळा. अजून मोठा. आणि ती करते आहे, केवढा मोठा, शहाणी आहे ना —

रडत नाही पोर. माझ्याकडे बघते आहे नुसती. दिशा चाव मला. चाव —

ट्रे खाली पडला. सिरिंज फुटली.

आकांक्षा आत आली. माझं तोंड तिला सांगतंय, झालं हो, दिलं, आता काही नको. ती रडते आहे, हसते आहे. पाया पडते माझ्या. दिशाला कडेवर घेतलं. आकांक्षा, थांब, इंजेक्शन दिलेलंच नाही —